दिग्दर्शकाचा उजवा कान

इंग्लंडातल्या रीडिंग गावात त्या घरी खोली बघायला गेले तेव्हा व्हिसाची कागदपत्रं, कंपनीचं पत्र, आधीच्या घरमालकाचा रेफरन्स असं सगळं मी एका फाइलला लावून नेलं होतं. घरमालक काकांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. दारात उभे राहून माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, कानशिलाकडे, पाच-सहा सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. वरची खोली. जिना चढताना भिंतीला हात नाही लावायचा."

मला वाटलं, भिंतीला नवा रंग असेल. रंग जुनाच होता. भिंतीवर अकरा फोटो होते, आणि अकराही एकाच माणसाचे होते. त्या माणसाबद्दल पुढे सांगेनच, पण आधी काकांबद्दल सांगते. काका गेले त्याला आता दीड वर्ष झालं. मी मिल्टन कीन्सला राहायला आले, गाडी घेतली, राउंडअबाउट मोजत ऑफिसला जाऊ लागले, पण अजूनही कुणाशी ओळख झाली की माझी नजर आधी त्याच्या कानाकडे जाते. ही त्यांची देणगी.

काका मूळचे नागपूरचे. रीडिंगच्याच एका हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट म्हणून तीसएक वर्षं काढली, म्हणजे तीसएक वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे एक्स-रे पाहिले. माणसं बाहेरून कशी असतात यात त्यांना फारसा रस राहिला नव्हता. एकदा रस्त्यात एक गोरे गृहस्थ त्यांना मिठी मारायला आले, खूप वेळ बोलले, आणि गेल्यावर काका मला म्हणाले, "हा कोण होता माहीत नाही. पण डाव्या खांद्याचं जुनं फ्रॅक्चर आहे त्याचं. ते मी पाहिलेलं आहे."

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. "दिसतं ते लिहायचं, वाटतं ते गिळायचं." 'वाटतं' या शब्दाला घरात बंदी होती. बॉयलर दुरुस्त करायला आलेला माणूस एकदा बिचारा म्हणाला, पंप गेला असेल असं वाटतं. काकांनी त्याला खुर्चीवर बसवून विचारलं, "तुला पंप दिसला का?" तो नाही म्हणाला. "मग आधी पाहा बाप्पा, मग बोल." हे नागपुरी 'बाप्पा' ते इंग्रजीतही घालायचे.

पहिल्या रविवारी मी पोहे केले आणि त्यांच्यासाठी एक डिश झाकून ठेवली. संध्याकाळी फ्रीजवर चिठ्ठी होती. 'पोहे: मऊ, सुटे. दाणे: पुरेसे. लिंबू: आढळले नाही. निष्कर्ष: खाण्यास योग्य. फेरतपासणी पुढील रविवारी.' मी ती चिठ्ठी जपून ठेवली. पुढच्या तीन वर्षांत अशा पुष्कळ जमल्या. माझ्या खोकल्यावर एक आहे, माझ्या नव्या चपलांवर एक आहे, आणि आमच्या ऑफिसातला एक मुलगा एकदा मला घरी सोडायला आला होता त्याच्यावर आहे ती तर मी कुणाला दाखवत नाही.

आता ते अकरा फोटो.

फोटोतला माणूस इंग्लंडात सिनेमा नुकता जन्मला तेव्हाचा एक दिग्दर्शक होता. रीडिंगपासून जवळच थेम्सच्या काठी एका बागेत काचेचं छप्पर घालून त्यानं स्टुडिओ केला होता आणि तिथे तो दहा-दहा मिनिटांच्या मुक्या विनोदी फिल्म्स काढायचा. त्यातली एकही आज शिल्लक नाही. काही जळल्या, काही डब्यातच कुजल्या. ज्यानं आयुष्यभर हलती चित्रं काढली त्याच्या नावावर आता फक्त न हलणारी अकरा चित्रं होती, आणि तीही स्वतःचीच. फोटो काढून घ्यायची त्याला भारी हौस. हातात भोंगा घेऊन, केसाळ कॉलरचा कोट घालून, कॅमेऱ्याच्या दांड्यावर हात ठेवून, एका फोटोत तर कुत्र्याकडे अशा नजरेनं बघत, की जणू त्या कुत्र्याला आता अभिनय शिकवायचाय.

पहिला फोटो काकांना हॉस्पिटलच्या दारातल्या मदतनिधीसाठी जुन्या वस्तू विकायच्या टेबलावर मिळाला. "मी चेहरा पाह्यलाच नाही," ते सांगायचे. "बोटं पाह्यली. टोकं फुगलेली, नखं गोल. म्हटलं, या माणसाचं फुप्फुस खराब आहे. घेऊन आलो." नंतर तो कोण हे कळलं, आणि मग काका लिलाव, जुन्या बाजारातली टेबलं, कुणाकुणाची पोटमाळ्यावरची खोकी असं करत बाकीचे दहा जमवत गेले. फोटोंच्या मागे तारखा नव्हत्या. काकांनी ते बोटांच्या सुजेवरून क्रमाने लावले. जिन्याच्या तळाशी तरणाबांड दिग्दर्शक, आणि माझ्या खोलीच्या दाराशी पोचेपर्यंत त्याची बोटं ढोल वाजवायच्या टिपऱ्यांसारखी झालेली. रोज ऑफिसातून आले की मी एका माणसाच्या आजारपणातून चढून वर जायचे.

गणपतीला तिथल्या मराठी मंडळाची काही मंडळी घरी आली होती. त्यातल्या एका काकूंनी जिन्यात थांबून सातव्या फोटोला मनोभावे हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "कोणत्या संप्रदायाचे गं हे?" मी काही बोलायच्या आत काका खालून म्हणाले, "श्वसनविकाराच्या."

अकराही फोटोंत तो डावा गाल कॅमेऱ्याकडे करून बसलेला होता. डाव्या कानाची लांब, सुटी पाळी आणि कायम किंचित वर चढलेली डावी भुवई, ही त्याची ओळख. काकांनी त्या कानाचं पेन्सिलनं चित्र काढून पाकिटात ठेवलं होतं. आपण आईबापाचा फोटो ठेवतो तिथे.

एके वर्षी गावच्या इतिहास मंडळानं लायब्ररीत या दिग्दर्शकाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मंडळाच्या सेक्रेटरीबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी काकांकडे अकरा फोटो मागितले आणि एक बातमीही दिली. दिग्दर्शकाची नात हयात होती. ऐंशीच्या पुढची, स्लाऊला म्हाताऱ्या माणसांसाठीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. तिच्याकडे आजोबांचा एक फोटो होता, घरी काढलेला, मांडीवर ती स्वतः. सेक्रेटरीबाईंना तो पोस्टरवर छापायचा होता. काकांनी तो एकदा बघावा, एवढीच विनंती होती.

शनिवार होता. मला स्लाऊहून कढीपत्ता आणि मेथी आणायचीच होती, म्हणून मीही गेले.

आजींनी टेबलावर स्वच्छ कापड घातलं होतं. केक होता. फोटो फ्रेममधून काढून तयार ठेवला होता. गवती हॅट घातलेला एक म्हातारा बागेत खुर्चीवर बसून तोंड उघडून हसतोय, मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी, तिच्या फ्रॉकखाली त्याचे हात झाकलेले. त्या अकरा फोटोंत तो एकदाही हसला नव्हता. मी म्हणाले, "किती गोड!" आजी म्हणाल्या, "मी चार वर्षांची असताना ते गेले. माझ्याकडे त्यांचं एवढंच आहे."

काकांनी खिशातून भिंग काढलं. दोन मिनिटं पाहिलं. मग पाकिटातलं कानाचं चित्र काढून शेजारी ठेवलं. मी मोबाइलवर सेक्रेटरीबाईंसाठी फोटोचा फोटो काढून घेतला. काकांनी भिंग मिटलं आणि म्हणाले, "मॅडम, हे ते नाहीत."

आजींना नीट ऐकू गेलं नसावं. त्या हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"डाव्या कानाला पाळीच नाही. भुवई सपाट. हा वेगळा माणूस आहे."

"मग कोण आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

आजींनी मला केकचा आणखी एक तुकडा वाढला. मग फोटो उचलला, ड्रॉवर उघडला, त्यात तो पालथा ठेवला आणि ड्रॉवर बंद केला. ते बंद करणं मी विसरलेले नाही. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी ढकलला.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. "काय गरज होती हो काका? ऐंशी वर्षं त्यांनी ज्याला आजोबा म्हटलं..."

"खोटा रिपोर्ट मी दिला नाही कधी."

"रिपोर्ट मागितला होता कुणी? त्यांनी केक केला होता."

"केक चांगला होता," काका म्हणाले आणि वर न बघता चहा ढवळत राहिले.

चार-पाच दिवसांनी सेक्रेटरीबाईंचा फोन आला. आजींनी प्रदर्शनाला यायला नकार दिला होता. भिंतीवरचे घरच्या माणसांचे सगळेच फोटो त्यांनी उतरवले होते. शेजारच्या बाईंना म्हणाल्या होत्या, एक खोटा निघाला, आता बाकीच्यांचं तरी काय सांगावं. काकांनी हे ऐकलं. त्या दिवशी फ्रीजवर चिठ्ठी नव्हती, त्यानंतरच्या रविवारीही नव्हती. पोहे तसेच झाकलेले राहिले.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात व्हिडिओ मीटिंग चालू होती. कुणीतरी लांबलचक काहीतरी सांगत होतं आणि मी स्क्रीनवर स्वतःकडेच बघत बसले होते. शर्टावरची कंपनीची अक्षरं उलटी दिसत होती, आरशात दिसतात तशी. आणि शर्टाची बटणं मुलग्यांसारखी. लहानपणी मी दादाचे जुने शर्ट घालून शाळेत जायचे तेव्हा मुली यावरूनच चिडवायच्या. मुलग्यांची बटणं उजव्या अंगाला, मुलींची डाव्या. ही गोष्ट मला जन्मभर विसरता येणार नाही.

मी मोबाइल काढला. बागेतल्या म्हाताऱ्याचा कोट मोठा करून पाहिला. बटणं डाव्या अंगाला होती. रुमाल खोचलेला वरचा खिसा उजव्या छातीवर होता. एवढ्या ऐटीत राहणारा माणूस बायकांसारखा शिवलेला कोट कशाला घालेल? फोटो छापतानाच कुणीतरी निगेटिव्ह उलटी ठेवली होती. डावं ते उजवं झालं होतं.

घरी येऊन मी लॅपटॉप जिन्याच्या पायरीवर ठेवला, काकांना हाक मारली आणि एक क्लिक करून फोटो फिरवला. म्हाताऱ्यानं मान दुसरीकडे वळवल्यासारखं झालं. डावी भुवई किंचित वर चढली. शेजारी भिंतीवरच्या अकराव्या फोटोतही तीच भुवई तशीच चढलेली होती. पाळी नसलेला कान होता, पण तो आता उजवा होता. अकरा फोटोंत जो कान त्यानं एकदाही कॅमेऱ्याला दाखवला नव्हता, तो.

काका पायरीवर बसले.

"साइड मार्कर," ते म्हणाले. "एक्स-रे हातात घेतला की पहिलं काय पाहायचं? कोपऱ्यातलं अक्षर. आर का एल. डावं का उजवं. उलटी फिल्म वाचशील तर चांगल्या बाजूवर सुरी चालेल. तीस वर्षं पोरापोरींना ओरडून राह्यलो मी यावरून. आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग उठले, टाय बांधला, कोट घातला आणि निघाले. मी मागोमाग. ट्रेनमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांच्या पायात घरातल्या सपाता आहेत. मी सांगितलं नाही.

आजींनी दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "कोण?" काकांनी नाव सांगितलं. मग आवाजच नाही. काका गुडघ्यांवर हात ठेवून, कुरकुरत, दाराच्या मध्यावर पत्रं टाकायची फट असते तिच्यापाशी वाकले. बोटानं झाकण वर केलं आणि त्या फटीतून म्हणाले, "मॅडम, माझी चूक झाली."

"ऐकू येत नाही," आतून.

"माझी चूक झाली! ते तुमचे आजोबाच आहेत!"

"मोठ्यानं बोला."

तिसऱ्यांदा काका ओरडले तेव्हा समोरच्या आणि शेजारच्या फ्लॅटची दारं उघडली. एक म्हातारे गृहस्थ नॅपकिन गळ्यात अडकवूनच बाहेर आले. सगळ्यांनी ऐकलंय याची खात्री झाल्यावर आजींनी दार उघडलं. त्यांना पहिल्या हाकेलाच सगळं ऐकू आलं होतं अशी माझी खात्री आहे.

लॅपटॉप टेबलावर ठेवून काकांनी त्यांना बटणं दाखवली, खिसा दाखवला, भुवई दाखवली, निगेटिव्ह कशी उलटी पडते ते हाताचा पंजा पालथा करून दाखवलं. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे हा उजवा कान आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"पाळी तुटलेला."

"हो. का तुटला ते मात्र..."

"माकड चावलं होतं. फिल्ममध्ये काम करायला आणलेलं माकड. आई म्हणायची माकड-बिकड काही नाही, मोटारीच्या दारात सापडला. ते स्वतः कधी माकड सांगायचे, कधी बदक. परक्या माणसासमोर कायम मान वळवून बसायचे. मला मात्र तो कान धरू द्यायचे. मी तो धरल्याशिवाय जेवायचे नाही." आजींनी अंगठा आणि बोट एकत्र आणून हवेत काहीतरी धरलं. "कानाबद्दल मला सगळं माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, पाळी नाही म्हणून हे ते नाहीत. मला वाटलं, डॉक्टर आहेत, एवढं भिंग आणलंय, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. तुम्ही मला विचारलंत का?"

काकांनी लॅपटॉप मिटला.

"नाही," ते म्हणाले. "मी विचारत नाही. मला सवय नाही. आमच्याकडे पेशंट येत नाही, फिल्म येते."

"मी फिल्म नाही," आजी म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. मग उभ्याउभ्याच त्यांची नजर खाली गेली. "तुम्ही सपातांवर आलात?"

काकांनी खाली पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना ते दिसलं.

प्रदर्शनात बारा फोटो लागले. बाराव्याखालची पाटी लिहायचं काम काकांनी मागून घेतलं होतं आणि त्यावर अख्खा रविवार घालवला होता. त्यांनी लिहिलं होतं, की हे चित्र उलटे छापले गेले आहे, की प्रस्तुत लेखकाने प्रथम ते दुसऱ्या व्यक्तीचे असल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला, की त्यामागची कारणे पुढीलप्रमाणे. कारणं पाच होती. आजी काठी टेकत आल्या, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "डियर, लोक माझ्या आजोबांना बघायला येणार आहेत. तुम्हाला नाही."

सेक्रेटरीबाईंनी गडबडीनं नवीन कार्ड आणलं. आजींनी थरथरत्या अक्षरात स्वतःच लिहिलं, 'आजोबा आणि मी.' मग त्या फोटोशेजारी खुर्ची टाकून बसल्या, आणि दिवसभर जो येईल त्याला माकड सांगत होत्या, काहींना बदक. काका थोडे लांब, रेडिएटरला टेकून, सगळं ऐकत उभे होते. एका बाईंनी त्यांना विचारलं की तुम्ही या फोटोंचे जाणकार ना, तर ते म्हणाले, "अकरांचा. बाराव्याच्या त्या तिथे बसल्या आहेत."

आजींना टॅक्सीनं स्लाऊला सोडायला आम्हीच गेलो आणि ट्रेननं परत निघालो. डब्यात गर्दी नव्हती. मेडनहेड स्टेशन गेलं. काका खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे काचेत दिसणाऱ्या माझ्याकडे बघत होते बहुतेक. मला वाटलं, माझ्या कानात काही दिसतंय की काय.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या घरी कोण कोण आहे?"

तीन वर्षं मी त्यांच्या छपराखाली राहत होते. माझ्या पोह्यांवर, खोकल्यावर, चपलांवर त्यांचे रिपोर्ट माझ्याकडे होते. पण हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना विचारला नव्हता. मग मी आईपासून सुरुवात केली. बाबांचं पहिलं दुखणं, मला सुट्टी न मिळणं, दादाचं आणि माझं फोनवर झालेलं भांडण, गेले आठ महिने आम्ही बोललो नाही ते. काका मध्ये बोलत नव्हते. फक्त मी थांबले की म्हणायचे, "हं. मग?"

रीडिंग आलं. आम्ही उतरलो तरी माझं संपलं नव्हतं, म्हणून ते प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले आणि शेजारची जागा हातानं झटकून मला म्हणाले, "बस. पूर्ण सांग."

मी पूर्ण सांगितलं. डोळे पुसले. मग विचारलं, "आणि काका, तुमच्या घरी?"

त्यांनी नेहमीसारखं माझ्या कानाकडे पाहिलं, आणि मग, जरा अवघडून, डोळ्यांकडे.

"माझं मोठं आहे बाप्पा."

"असू दे."

दोन गाड्या आल्या आणि गेल्या. काकांनी टायची गाठ सैल केली.

"आम्ही सहा भावंडं," ते म्हणाले, आणि सांगू लागले.